अमक्याची बायको, तमक्याची आई

भाट्याच्या पुलावरून रिक्षा चालली होती आणि आत्येने सहज विचारलं, "काय गं, तुझी ती काकी ग्रामपंचायतीला उभी होती ना? मतं किती पडली तिला?" मला आकडा आठवेना. आठवलं ते भलतंच. काकीने अर्ज भरला तेव्हा मी फोन केला होता, तो काकांना! "काय काका, तयारी कशी काय?" काकीशी बोललेच नाही. (गावाचं नाव सांगत नाही, पण काकी हा ब्लॉग वाचते. तिला कळेलच.)

ते डोक्यात राहिलं. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी मतदारयाद्या करताना कित्येक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे 28 लाख स्त्रिया यादीतून गळल्या. बहुतेक उत्तरेकडच्या. आपल्याकडे बरं होतं, म्हणून मी खूश होणार, तेवढ्यात तो फोन आठवला.

त्याच निवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर हरले. मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं. बायकांना वारसाहक्क देणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं आणि काही महिन्यांत उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभव. 1,38,137 विरुद्ध 1,23,576. काँग्रेसची लाट होती, कम्युनिस्ट विरोधात होते, सगळं खरं. पण 1954 ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक बघा. मतदारसंघ द्विसदस्य, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, प्रत्येकाला दोन मतं. समाजवादी अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर निवडून आले, राखीव जागेवर बाबासाहेब पुन्हा पडले. दुसरं मत कुजवा, मेहतांना देऊ नका, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी दिला होता आणि बाबासाहेबांनी तो मानला नाही, असं सांगतात. मेहतांना मत देणाऱ्या सगळ्यांचा हात दुसऱ्या मताला बाबासाहेबांकडे वळला नाही, असाच अर्थ मला तरी लागतो. घटना लिहिणारा माणूस राखीव जागेवर उभा राहिला की लोकांना फक्त 'त्यांचा' उमेदवार दिसतो!

असो. नजर बदलतच नाही असंही नाही. मुंबई महापालिकेत बायकांचे राखीव वॉर्ड फिरते असायचे. 1997 ला राखीव असलेले वॉर्ड 2002 ला खुले झाले, तेव्हा तिथे बाई निवडून येण्याची शक्यता कधीच राखीव नसलेल्या वॉर्डांच्या साधारण पाचपट निघाली. रिखिल भावनानी यांचा हा अभ्यास 2009 चा. एकदा बाई खुर्चीत बसलेली पाहिली की पक्षांनाही धीर येतो, मतदारांनाही. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. मुख्यमंत्री मात्र 1960 पासून एकही बाई नाही.

काल काकीला फोन केला. "थांब हं, काका आंघोळीला गेलेत," ती म्हणाली. म्हटलं, तुझ्याशीच बोलायचंय. क्षणभर गप्प. मग अर्धा तास वाडीवार हिशेब. कुठल्या वाडीने दिली, कुठल्या वाडीने तोंडावर हो म्हणून दिली नाही. आणि कोकणात वाडी म्हटलं की जात आलीच. सतरा मतांनी पडली होती.