पडताना दुखलं, की रात्री?

1912 साल. बॉस्टनच्या बीकन हिल भागातलं पिंकनी स्ट्रीटवरचं छोटं खासगी रुग्णालय. तुमची पन्नाशी उलटलीय, काम ओझी वाहण्याचं, आणि गेल्या आठवड्यात शिडीवरून पडला आहात. समोर डॉ. अर्नेस्ट कॉडमन. एमआरआयची फाईल पुढे सरकवायची सवय इथे विसरा. आहे ती एक्स-रेची काच. तिच्यात हाडं ठणठणीत दिसतात आणि टेंडन दिसतच नाही. उरलेलं तुमच्या तोंडूनच कळायचं.

याआधी हा खांदा कधी दुखला होता? नाही. पडलात तेव्हा? चर्रकन कळ आली आणि गेली. कपडे झटकून तुम्ही कामालाही लागलात. मग रात्री? रात्री मात्र पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. आणि सकाळी हात वर जाईना.

क्षणभराची कळ, त्याच रात्री ठणका, मग हातातलं बळच गेलेलं. खांद्यातलं सुप्रास्पायनेटस टेंडन फाटल्याच्या या खुणा कॉडमन 1934 मध्ये ‘द शोल्डर’ या पुस्तकात छापणार आहेत. त्या यादीत आधी कष्टाचं काम, चाळिशीपुढचं वय, पडणं. हात लावून तपासणं खूप नंतर. मला हा क्रमच पटतो. असं टेंडन त्यांनी 1909 मध्ये शिवलंयही.

नक्की कुठे दुखतं? तुमचा हात दंडाच्या बाहेरच्या बाजूला जातो, खांद्याच्या बराच खाली. ओशाळू नका, खांद्याचं दुखणं बहुतेकदा तिथेच जाणवतं.

शेजारच्या बाकावरच्या बाई पडलेल्या नाहीत. त्यांचा खांदा हळूहळू आखडत गेला. दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही. दुखऱ्या कुशीवर त्यांनाही झोपवत नाही, म्हणजे एकट्या रात्रीच्या ठणक्यावरून निदान होत नाही. दुखणं सुरू कसं झालं, ते महत्त्वाचं. अशा खांद्याला ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव कॉडमन त्याच पुस्तकात देतील. आजचा डॉक्टर त्या बाईंना साखरेचंही विचारेल, कारण मधुमेह्यांचा खांदा जास्त आखडतो.

तुमच्या नोंदीचं कार्ड मात्र आज बंद होत नाही. वर्षभराने पुन्हा विचारणा होईल: हात कुठवर जातो, कामावर परत गेलात का? भीड न ठेवता सांगा. 1911 ते 1916 मधल्या 337 रुग्णांच्या हिशेबात या गृहस्थांनी स्वतःच्या रुग्णालयाच्या 123 चुका छापणार आहेत.