याघ्नोबचे लोक व त्यांची भाषा

एखाद्या भाषेचें कूळ ओळखावयाचें असल्यास तिचे अंक ऐकून पाहावे. ताजिकिस्तानांतील याघ्नोब नदीच्या खोऱ्यांतला मेंढपाळ आपलीं मेंढरें मोजूं लागला, म्हणजे पांचाला ‘पंच’, आठाला ‘अश्त’ व दहाला ‘दस’ म्हणतो. मराठी श्रोत्यांना हे शब्द परके वाटणार नाहींत. कारण भारतीय व इराणी भाषा या एकाच कुळाच्या दोन शाखा होत. त्याहून नवल असें कीं, संस्कृतांत ‘गच्छति’ याचें भूतकाळीं ‘अगच्छत्’ होतांना धातूच्या आरंभीं जो ‘अ’ लागतो, त्याचा सहोदर या बोलींत अजून नांदत आहे. अर्वाचीन फारसीनें तो केव्हांच टाकून दिला. ज्या बोलींत कोणी ग्रंथ लिहीत नव्हते, तिनें ही ठेव कशी राखली, तें आज सांगावयाचें आहे.

जरफशान व हिसार या दोन पर्वतरांगांमध्यें हें खोरें आहे. हिवाळ्यांत बर्फानें वाटा महिनेमहिने बंद होतात. दगडामातीचीं घरें, डोंगरउतारावरील थोडें धान्य आणि शेळ्यामेंढ्या, एवढाच येथील संसार. लोक सुन्नी मुसलमान असून बाहेरच्या व्यवहारांत ताजिक भाषा बोलतात. खोरें लहान, पण त्यांतहि पश्चिमेकडे दिवसाला ‘मेत’ व पूर्वेकडे ‘मेस’ म्हणतात! या याघ्नोबचें पाणी फान नदीवाटे जरफशानला मिळतें आणि पंजकंद व समरकंद या नगरांकडे वाहत जातें. पाणी ज्या सखल प्रदेशाकडे उतरतें, त्याच प्रदेशांतल्या एका थोर भाषेची ही बोली आप्त आहे. त्या प्रदेशाचें प्राचीन नांव सुग्ध.

सुग्धचे लोक मोठे व्यापारी. इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून आठव्या शतकापर्यंत समरकंदपासून चीनपर्यंतच्या रेशमाच्या वाटेवर त्यांचीच भाषा चाले. १९०७ सालीं ऑरेल स्टाइन यांना चीनच्या पश्चिम सीमेवर, तुन्‌ह्वांगजवळच्या एका पडक्या पहाऱ्याच्या बुरुजांत सुग्धी भाषेंतलीं पत्रें सांपडलीं. चौथ्या शतकाच्या आरंभींच्या या पत्रांत, पतीनें परदेशीं सोडून दिलेल्या एका स्त्रीची कैफियतहि आहे. हे व्यापारी हिंदुस्थानच्या वाटेनेंहि येत. सिंधु नदीच्या वरच्या अंगास शतियाल येथें खडकांवर त्यांनीं कोरलेलीं शेंकडों नांवें आजहि वाचतां येतात.

आठव्या शतकांत अरबांची स्वारी आली. ७१२ सालीं समरकंद शरण गेलें. पंजकंदचा अधिपति दिवाश्तिच हा आपल्या माणसांसह डोंगरांत, मुघ येथील गढींत जाऊन राहिला. परंतु ७२२ सालीं तो पकडला जाऊन मारला गेला. त्याच्या दफ्तराचे कागद व कातडीं त्या ओसाड गढींत १९३२-३३ सालीं मिळालीं. पुढें नगरांतून फारसी व तुर्की भाषा बोलल्या जाऊं लागल्या आणि सुग्धी लोपली. उरली ती केवळ याघ्नोबची बोली. ती ग्रंथस्थ सुग्धीची साक्षात् कन्या नव्हे. तिच्या निकटच्या एका बोलीची वंशज आहे. बाजारांत व दरबारांत जी मावळली, ती मेंढपाळांच्या चुलीपाशीं जगली. तिचें रक्षण तटबंदीनें केलें नाहीं; वाटेच्या बिकटपणानें केलें.

परंतु श्रोतेहो, तोच बिकटपणा पुढें या लोकांच्या मुळावर आला. १९७० व १९७१ सालीं सोव्हिएत सरकारनें हेलिकॉप्टरें आणून खेडींच्या खेडीं उचललीं आणि उत्तरेकडील जफराबादच्या सपाट, रखरखीत प्रदेशांत नेऊन टाकलीं. डोंगरांत हिमकडे कोसळण्याचें भय आहे, असें कारण सांगण्यांत आलें. पण तिकडे कापसाच्या शेतांना मजूर हवे होते, हें विसरतां येत नाहीं. थंड हवेंत वाढलेल्या माणसांना तो उन्हाळा मानवला नाहीं. पुष्कळ जण दगावले. ज्या खोऱ्याला बारा शतकें कोणी रिकामें करूं शकलें नव्हतें, तें दोन वर्षांत ओस पडलें.

तरीहि १९८० नंतरच्या दशकांत कांहीं कुटुंबें पुन्हा वर चढलीं, पडकीं घरें त्यांनीं उभीं केलीं. आज खोऱ्यांत कांहीं शें माणसेंच राहतात. बाकीचे खालींच आहेत. ताजिकिस्ताननें २००० सालीं आपल्या उत्तरेकडील प्रांताला ‘सुग्ध’ हें जुनें नांव दिलें, आणि २००९ च्या भाषाविषयक कायद्यांत याघ्नोबीच्या जतनाचाहि उल्लेख केला. ही गोष्ट स्तुत्य खरी. पण नकाशावर नांव लिहिणें सोपें, भाषा राखणें कठीण. भाषा राहते ती तिच्यांत मेंढरें मोजणारीं, मुलांना हाक मारणारीं माणसें आपल्या जागीं राहिलीं तर. जरफशानच्या उगमाकडील डोंगरांत आज कोणी मूल ‘पंच’ म्हणून बोटें मोजीत असेल, तर समरकंदच्या त्या जुन्या व्यापाऱ्यांची भाषा अजून पुरती संपलेली नाहीं, असें आपण समजावें.