याद्विगा येंजेयोव्स्का (१९१२–१९८०) : पोलंडमधील महिला टेनिसच्या जडणघडणीचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास प्रायः विजेत्यांच्या नामावलीच्या आधारे लिहिला जातो. विजेत्यांच्या यादीत ज्यांचे नाव आले नाही त्यांची नोंद तळटिपेपुरती उरते आणि कालांतराने तीही विसरली जाते. इगा स्वियातेक या पोलिश खेळाडूने २०२० मध्ये फ्रेंच ओपन स्पर्धा आणि २०२५ मध्ये विंबल्डन स्पर्धा जिंकली, तेव्हा पोलंडच्या महिला टेनिसचा उदय अलीकडच्या काळात झाला असा समज अनेकांचा झाला. वस्तुतः विंबल्डनच्या महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात पोलिश खेळाडू १९३७ मध्येच पोहोचली होती. तिचे नाव याद्विगा येंजेयोव्स्का. १९३७ ते १९३९ या तीन वर्षांत तिने ग्रँड स्लॅम दर्जाच्या तीन एकेरी स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या गाठल्या व त्या तिन्ही गमावल्या. त्यामुळे थोडक्यात हुकलेली खेळाडू अशी तिची ओळख रूढ झाली. ही ओळख इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे आणि साधने

या अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) येंजेयोव्स्काच्या कारकिर्दीचा तत्कालीन पोलंडच्या राजकीय व सामाजिक परिस्थितीच्या संदर्भात आढावा घेणे.
२) हौशी टेनिसच्या व्यवस्थेचा आणि महायुद्धाचा तिच्या कारकिर्दीवर झालेला परिणाम तपासणे.
३) व्यावसायिक युगातील पोलिश महिला खेळाडूंशी तिची तुलना करून तिचे ऐतिहासिक स्थान निश्चित करणे.

सामन्यांचे निकाल हे या अभ्यासाचे सर्वांत विश्वसनीय साधन होय. तिचे आत्मकथन १९५५ मध्ये पोलंडमध्ये प्रसिद्ध झाले. आपला जन्म टेनिसच्या मैदानावरच झाला, अशा आशयाचे त्याचे शीर्षक आहे. या साधनाचा उपयोग करताना मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. साम्यवादी राजवटीत प्रकाशित होणाऱ्या पुस्तकात श्रमिक घरातील मुलीने उच्चभ्रूंच्या खेळात मिळवलेले यश अधोरेखित होणे स्वाभाविक होते. कथनातील वर्गसंघर्षाचा सूर काही अंशी प्रकाशनकाळाचा असू शकतो. तथापि तिची कौटुंबिक परिस्थिती बेताची होती ही बाब केवळ या पुस्तकावर अवलंबून नाही. म्हणून घटनांचे तपशील आणि त्यांवर चढवलेला अर्थ यांत भेद करणे आवश्यक ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

येंजेयोव्स्काचा जन्म १५ ऑक्टोबर १९१२ रोजी क्राकूफ येथे झाला. त्या वेळी पोलंड नावाचे राज्य जगाच्या नकाशावर नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी पोलंडची फाळणी केली होती आणि क्राकूफ ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला, तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्याच महिन्यात पोलिश स्त्रियांना मताधिकार मिळाला. १९२१ मध्ये पोलिश टेनिस संघटना स्थापन झाली. म्हणजे राष्ट्र, स्त्रियांचे नागरिकत्व आणि खेळाची संघटना या तिन्ही गोष्टी तिच्या बालपणीच आकाराला येत होत्या.

नव्या राष्ट्राला जगासमोर आपले अस्तित्व ठसवायचे होते आणि त्यासाठी क्रीडा हे प्रभावी माध्यम होते. या कार्यात स्त्रियांचा वाटा लक्षणीय आहे. पोलंडला पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक १९२८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे हलिना कोनोपात्स्का हिने थाळीफेकीत मिळवून दिले. १९३२ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्तानिस्लावा वालासिएविच हिने शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. येंजेयोव्स्का ही याच परंपरेतील होय. फरक इतकाच की टेनिस हा खेळ १९२४ नंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आला होता. त्यामुळे टेनिसपटूला कीर्ती मिळवायची तर लंडन, पॅरिस व न्यूयॉर्क येथील मैदानांवाचून पर्याय नव्हता.

हौशी टेनिस आणि सामाजिक वर्ग

क्राकूफमधील विद्यार्थी क्रीडासंघाची टेनिस मैदाने येंजेयोव्स्काच्या घराजवळ होती. या मैदानांवर चेंडू उचलून देणारी मुलगी म्हणून तिचा टेनिसशी प्रथम संबंध आला. ज्या संघात मुख्यतः विद्यापीठीय वर्गाचा वावर होता, तेथे ती आधी कामासाठी आणि नंतर खेळाडू म्हणून प्रविष्ट झाली. पुढे वॉर्सामधील लेगिया या संघाकडून ती खेळली. तिच्या उजव्या हाताचा फोरहँड फटका जोरकस होता व तोच तिच्या खेळाचा आधार राहिला.

येथे तत्कालीन हौशी टेनिसच्या नियमांचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. १९६८ पर्यंत विंबल्डनसह सर्व प्रमुख स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. खेळून पैसे मिळवणाऱ्याला त्यांत प्रवेश नव्हता. १९२६ मध्ये सुझान लाँग्लेन हिने व व दहा वर्षांनी फ्रेड पेरी याने व्यावसायिक होण्याचा मार्ग पत्करला, तेव्हा त्यांना या स्पर्धांना मुकावे लागले. हौशीपणाचा नियम वरकरणी सर्वांना समान होता. परंतु ज्याच्या घरी उत्पन्नाचे साधन आहे त्यालाच तो परवडत होता. सामान्य घरातील खेळाडूला प्रवास, निवास व साहित्य यांसाठी संघटनेच्या मदतीवर विसंबून राहावे लागे. विजयानंतर तिच्या हाती मानचिन्ह येई, उपजीविका मात्र येत नसे. येंजेयोव्स्काच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना ही विषमता दृष्टीआड करता येत नाही.

१९३६ ते १९३९ : उत्कर्षाचा काळ

१९३६ मध्ये येंजेयोव्स्काने विंबल्डनची उपांत्य फेरी गाठली. तेथे ती हेलन जेकब्स हिच्याकडून पराभूत झाली आणि जेकब्सने पुढे ती स्पर्धा जिंकली. १९३७ हे वर्ष तिच्या कारकिर्दीचा कळस होय. त्या वर्षी विंबल्डनच्या उपांत्य सामन्यात तिने अमेरिकेच्या ॲलिस मार्बल हिला ८-६, ६-२ असे नमवले. मार्बल ही १९३६ ची अमेरिकन विजेती होती आणि १९३९ मध्ये विंबल्डनची विजेती झाली, हे लक्षात घेता या विजयाचे महत्त्व स्पष्ट होते.

अंतिम सामना ब्रिटनच्या डॉरथी राउंड हिच्याशी झाला. राउंड ही १९३४ ची विजेती होती व ती स्वदेशी प्रेक्षकांसमोर खेळत होती. पहिला सेट राउंडने ६-२ असा आणि दुसरा येंजेयोव्स्काने ६-२ असाच जिंकला. तिसऱ्या सेटमध्ये येंजेयोव्स्काने ४-१ अशी आघाडी घेतली होती. विजेतेपदापासून ती दोन गेम दूर होती. त्यानंतरच्या सात गेमपैकी सहा राउंडने जिंकले व सामना ७-५ असा संपला. थोडक्यात हुकलेली खेळाडू ही प्रतिमा प्रामुख्याने या सात गेमवर उभी आहे.

त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेतही ती अंतिम फेरीत पोहोचली व चिलीच्या अनिता लिझाना हिच्याकडून ६-४, ६-२ अशी पराभूत झाली. या सामन्याचे महत्त्व निकालापुरते नाही. एक खेळाडू दक्षिण अमेरिकेतील, तर दुसरी पूर्व युरोपातील. टेनिसची सत्ता तेव्हा ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या चार राष्ट्रांकडे एकवटलेली होती. तिच्या परिघावरील दोन देशांच्या स्त्रिया न्यूयॉर्कमध्ये अंतिम सामना खेळतात, ही घटना त्या सत्तेला बसलेला एक लहानसा धक्का होता. १९३७ च्या जागतिक क्रमवारीत येंजेयोव्स्काला तिसरे स्थान देण्यात आले. पोलंडमध्ये त्या वर्षीची सर्वोत्तम क्रीडापटू म्हणून वृत्तपत्राच्या वाचकांनी तिची निवड केली.

१९३९ च्या फ्रेंच स्पर्धेत तिने तिसरा एकेरी अंतिम सामना खेळला. सिमोन मातिये हिने तो ६-३, ८-६ असा जिंकला. परंतु त्याच स्पर्धेत याच मातियेच्या साथीने तिने महिला दुहेरीचे विजेतेपद मिळवले. ग्रँड स्लॅम दर्जाच्या स्पर्धेतील हे पोलिश खेळाडूचे पहिले विजेतेपद होय. थोडक्यात हुकलेली ही उपाधी वापरणाऱ्या लेखनात या विजेतेपदाचा उल्लेख अनेकदा गाळला जातो, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

महायुद्ध आणि खंडित कारकीर्द

या विजेतेपदानंतर तीन महिनेही झाले नसतील, तोच १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. येंजेयोव्स्का तेव्हा २६ वर्षांची होती. तिचे जन्मगाव क्राकूफ हे व्याप्त प्रदेशाच्या जर्मन प्रशासनाची राजधानी बनले. पोलिश लोकांचे संघटित क्रीडाजीवन जर्मनांनी संपुष्टात आणले आणि संघ बंद झाले. वॉर्सामध्ये काही नामवंत क्रीडापटूंनी एका भोजनगृहात नोकरी धरली. येंजेयोव्स्का, टेनिसपटू इग्नात्सी त्लोचिन्स्की आणि १९३२ चा ऑलिंपिक विजेता धावपटू यानुश कुसोचिन्स्की हे तेथे काम करत होते. कुसोचिन्स्की भूमिगत चळवळीत होता. १९४० मध्ये त्याला अटक झाली व जूनमध्ये वॉर्साजवळील पाल्मिरी येथे गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्लोचिन्स्कीने १९४४ च्या वॉर्सा उठावात भाग घेतला व युद्धानंतर तो ब्रिटनमध्ये स्थायिक झाला. टेनिसप्रेमी असलेला स्वीडनचा राजा पाचवा गुस्ताव याने येंजेयोव्स्काला स्वीडनमध्ये आश्रय देऊ केला होता व तिने तो नाकारला, असा उल्लेख तिच्याविषयीच्या लेखनात आढळतो.

याच युद्धाने देशोधडीला लागलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांना कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत आश्रय मिळाला होता, हे मराठी वाचकांना ज्ञात आहे. पोलंडच्या एका संपूर्ण पिढीचे जीवन कसे उखडले गेले याची कल्पना त्यावरून यावी.

विंबल्डन स्पर्धा १९४० ते १९४५ या काळात झाली नाही. २६ ते ३२ हा टेनिसपटूच्या परिपक्वतेचा काळ येंजेयोव्स्काने व्याप्त देशात घालवला. प्रतिस्पर्धी मार्बलची कारकीर्दही युद्धामुळे बदलली. परंतु अमेरिकेतील स्पर्धा चालू राहिल्या व तिला खेळता आले. युद्धाची झळ सर्वांना समान बसली नाही. पराभवांची कारणे खेळाडूच्या मनोबलात शोधताना, पुढची संधीच तिला नाकारली गेली होती या वस्तुस्थितीचा विसर पडतो.

युद्धोत्तर काळ

युद्ध संपल्यावर येंजेयोव्स्का पुन्हा मैदानावर आली. १९४७ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तिने रुमानियाच्या ख्रिस्टियन कारालुलिस याच्या साथीने फ्रेंच स्पर्धेच्या मिश्र दुहेरीची अंतिम फेरी गाठली. तेथे तिला पराभव पत्करावा लागला. तरीही सात वर्षांच्या खंडानंतर त्या पातळीवर परतणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्यानंतरच्या साम्यवादी पोलंडमध्ये परदेशप्रवास शासनाच्या अनुमतीवर अवलंबून होता. ऑलिंपिकबाहेरचा आणि उच्चभ्रूंचा मानला गेलेला टेनिस हा खेळ शासकीय प्राधान्यक्रमात मागे राहिला. ज्या खेळात ती चेंडू उचलणारी मुलगी म्हणून आली, तोच खेळ श्रमिकांच्या नावाने चालणाऱ्या राजवटीने दुय्यम लेखावा, हा तिच्या आयुष्यातील एक विलक्षण विरोधाभास होय. तिने कातोवित्से येथे वास्तव्य केले, देशांतर्गत स्पर्धा दीर्घकाळ गाजवल्या व नव्या खेळाडूंना मार्गदर्शन केले. २८ फेब्रुवारी १९८० रोजी तेथेच तिचे निधन झाले.

व्यावसायिक युग : रादवान्स्का आणि स्वियातेक

१९६८ मध्ये प्रमुख स्पर्धा व्यावसायिकांना खुल्या झाल्या आणि १९७३ मध्ये महिला टेनिस संघटना स्थापन झाली. १९८९ मध्ये पोलंडमधील साम्यवादी राजवट संपली. त्याच वर्षी ६ मार्च रोजी क्राकूफ येथेच अग्नियेझ्का रादवान्स्का हिचा जन्म झाला. प्रशिक्षक असलेल्या वडिलांच्या हाताखाली ती घडली. तिने २००५ मध्ये विंबल्डनची व २००६ मध्ये फ्रेंच स्पर्धेची कनिष्ठ गटाची विजेतेपदे मिळवली. २०१२ मध्ये ती विंबल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचली. १९३९ नंतर ग्रँड स्लॅमची एकेरीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली पोलिश खेळाडू होती. सेरेना विल्यम्सने तिला ६-१, ५-७, ६-२ असे हरवले. त्याच वर्षी तिने जागतिक क्रमवारीत दुसरे स्थान मिळवले. २०१५ मध्ये सिंगापूर येथील वर्षअखेरची स्पर्धा तिने जिंकली. वीस एकेरी विजेतेपदांसह २०१८ मध्ये ती निवृत्त झाली.

येंजेयोव्स्का व रादवान्स्का या दोघींनाही ग्रँड स्लॅमचे एकेरी विजेतेपद लाभले नाही. परंतु व्यावसायिक युगात रादवान्स्काला उपजीविका, स्वतःचा प्रशिक्षकवर्ग आणि खुल्या सीमा लाभल्या. एका पराभवानंतर पुढच्या वर्षी परत येण्याची तिला शाश्वती होती. येंजेयोव्स्काला ती नव्हती. १० ऑक्टोबर २०२० रोजी स्वियातेकने सोफिया केनिन हिला ६-४, ६-१ असे नमवून पोलंडला पहिले एकेरी विजेतेपद मिळवून दिले आणि १२ जुलै २०२५ रोजी अमांडा अनिसिमोव्हा हिला ६-०, ६-० असे हरवून विंबल्डन जिंकले. १९३७ च्या त्या अंतिम सामन्याला तेव्हा ८८ वर्षे झाली होती.

निष्कर्ष

१) येंजेयोव्स्काचा उदय हा नवस्वतंत्र पोलंडमधील स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनातील प्रवेशाचा एक भाग होता.
२) हौशी टेनिसच्या नियमांमुळे तिच्यासारख्या सामान्य स्थितीतील खेळाडूवर अधिक भार पडला. समानतेचा नियम प्रत्यक्षात वर्गविषमता टिकवणारा होता.
३) थोडक्यात हुकलेली खेळाडू हे तिचे वर्णन अपुरे आहे. ते १९३९ च्या दुहेरी विजेतेपदाकडे दुर्लक्ष करते आणि युद्धाने हिरावलेला काळ हिशेबात घेत नाही.
४) तिच्यानंतर रादवान्स्कापर्यंत पडलेले ७३ वर्षांचे अंतर केवळ गुणवत्तेच्या अभावाने स्पष्ट होत नाही. युद्ध, शासकीय धोरण आणि बंद सीमा हे त्यामागील महत्त्वाचे घटक होत.

क्रीडा इतिहासाच्या अभ्यासकाने निकालपत्रकाबरोबरच ते निकाल ज्या परिस्थितीत लागले तिचीही नोंद घेतली पाहिजे. तसे केल्यास येंजेयोव्स्काचे स्थान पोलिश टेनिसच्या तळटिपेत न राहता त्याच्या पहिल्या प्रकरणात येते.