शरणागताचे शरीर

‘शरण’ या शब्दाचा विचार आपल्या समीक्षेत बहुधा भावाच्या अंगाने होतो. शरण जाणाऱ्याच्या पाठीचा, गुडघ्यांचा आणि श्वासाचा विचार क्वचितच होतो. वास्तविक साष्टांग नमस्काराच्या परंपरागत व्याख्येत छाती, मस्तक, हात, पाय, गुडघे यांच्याबरोबर दृष्टी, वाणी आणि मन हीही अंगेच मोजली आहेत. पुढे व्यायामाच्या पुस्तकांत आठाचा हिशेब बदलला. दोन पाय, दोन गुडघे, दोन हात, छाती, कपाळ झाले आठ! मन, वाणी आणि दृष्टी या मोजणीतून गळाली, याची आम्हांस गंमत वाटते आणि थोडी रुखरुखही.

1290 च्या ज्ञानेश्वरीत, तेराव्या अध्यायातील आचार्योपासनेच्या विवेचनात, शिष्य गुरुसेवेतील एकेक वस्तू आपणच व्हावे अशी कल्पना करीत जातो. मरणानंतर देहाची माती गुरुचरणांखालच्या भूमीत मिसळावी, इथवर त्याची इच्छा पोचते. समर्पणाची इतकी शारीर कल्पना मराठीत दुसरी नसावी. मात्र ती कोणी त्याच्यावर लादलेली नाही. तिच्यातला आनंद त्या स्वेच्छेतून येतो, आणि लाचारी व शरणागती यांतला भेदही तोच.

हा भेद इतिहासात कसोटीला लागला तो औंध संस्थानात. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (1868–1951) तरुणपणी सँडोच्या व्यायामपद्धतीचे भक्त होते. 1908 च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि पुढे त्यांचे कडवे प्रचारक झाले. नमस्काराच्या दहा स्थिती त्यांनी बीजमंत्र आणि श्वास यांच्याशी बांधल्या. म्हणजे व्यायामातून गळालेली वाणी त्यांनी परत आणली. 1938 मध्ये लुईझ मॉर्गन यांनी संपादिलेले ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ लंडनहून निघाले आणि एका राजाची नमस्कारविद्या इंग्रजी घरांत गेली.

लाभांविषयी राजेसाहेबांचे दावे अवाढव्य होते. ते सगळे आज कोणी मान्य करणार नाही. पण कणा पुढे-मागे वाकतो, श्वास लयीत येतो, खांदे व पोट कामाला लागतात, हे करून पाहणाऱ्याला कळतेच. गेल्या काही दशकांतील चाचण्यांत योगाभ्यासाने ताण आणि चिंता काही प्रमाणात कमी होतात असेही दिसले आहे. चाचण्या पुष्कळदा लहान, आणि त्यांत भाग घेणारी माणसे आपल्या संमतीने आलेली. ही दुसरी गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. ज्याचा स्वभावच नमते घेण्याचा, ज्याची मान सवयीने खाली, त्याला साष्टांगात नवे काय मिळणार? मिळते ते पुढच्या स्थितीत: हात जमिनीवर तसेच असतात आणि छाती वर उचलली जाते. वाकणे आणि उठणे दोन्ही त्याच्याच श्वासावर चालते, दुसऱ्याच्या हुकमावर नव्हे.

औंधच्या शाळांत मात्र सूर्यनमस्कार सक्तीचे होते. रांगेतल्या मुलाने घातलेला नमस्कार सूर्याला की राजाला, हा प्रश्न टाळता येत नाही. शरीराला लाभ झाला असेल; मनाचे सांगणे कठीण. याच राजाने 1939 मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेल्या घटनेद्वारे, आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली. नमस्कारांनी त्याला हे शिकविले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीही सक्तीचा नमस्कार आणि स्वेच्छेचा सत्तात्याग एकाच माणसाच्या खाती जमा आहेत, आणि औंधविषयीच्या गौरवपर लेखनात पहिली नोंद सहसा सापडत नाही.