विद्यार्थ्यांनी जपलेला ठेवा

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली. त्याच दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनास अग्रस्थान असावे, बहुस्वरी संगीतही वर्ज्य नसावे, असेही नमूद होते. पहिली गोष्ट गावोगावी पोहोचली. दुसरी बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली.

पुढे दहा वर्षांनी, १९७३ साली, अँग्लिकन परंपरेच्या ऑक्सफर्डमध्ये पीटर फिलिप्स या अवघ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने चॅपेलांतील गायक जमवून ‘टॅलिस स्कॉलर्स’ हा वृंद उभारला. टॉमस टॅलिस हे सोळाव्या शतकातील संगीतकार; चार राज्यकर्त्यांच्या पदरी, धर्मकलहाच्या धामधुमीत, त्यांनी लॅटिन व इंग्रजी दोन्ही उपासनांसाठी रचना केल्या. फिलिप्स यांच्या वृंदात गायक साधारण दहाच, बहुधा प्रत्येक सुरावटीस दोघे. सूर इतका निर्मळ की एकही आवाज दुसऱ्यात बुडत नाही. १९८७ साली जोस्कँ दे प्रे यांच्या मिस्सांच्या ध्वनिमुद्रणास ‘ग्रामोफोन’ मासिकाचा सर्वोच्च मान लाभला. प्राचीन संगीतास तो प्रथमच.

फिलिप्स यांना मैफलच प्रिय. मिस्सा ही मैफल नव्हे, असे आम्ही मानतो. पण वेदीपासून दुरावलेले हे सूर मैफलीनेच जगवले, हेही खरे. १९९४ साली सिस्टाइन चॅपेलमधील मायकेलँजेलोच्या भित्तिचित्रांचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, तेव्हा तेथे गाण्यासाठी याच वृंदास पाचारण झाले.