कार्बन तंतू संमिश्रांचा भंग-चिवटपणा

कार्बन तंतूंचे थर एपॉक्सी रेझिनात बसवून केलेल्या संमिश्र पदार्थाची तडा पसरू न देण्याची क्षमता. तंतूंच्या दिशेने हा पदार्थ वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट असतो. मात्र दोन थरांमध्ये केवळ ठिसूळ रेझिन असते आणि तडा तिथूनच धावतो. आघातानंतर वरून फारसे काही दिसत नसतानाही आत थर सुटलेले असू शकतात, हा यातला खरा धोका.

आघाताचा प्रश्न जुनाच आहे: रोल्स-रॉइसच्या आरबी211 या विमान इंजिनासाठी केलेली कार्बन तंतूंची पंख्याची पाती 1970 साली पक्षी आदळण्याच्या चाचणीत टिकली नाहीत. त्यांच्या जागी टायटॅनियमची पाती घ्यावी लागली.

ठिसूळपणावर उपाय म्हणून एपॉक्सीत रबराचे सूक्ष्म कण मिसळल्यास ते चिवट होते. पण तंतूंमधली जागा काही मायक्रॉनचीच असते. तड्याच्या टोकाशी रेझिनाला ताणले जायला पुरेसा वाव मिळत नाही आणि नुसत्या रेझिनात दिसलेला सगळा लाभ संमिश्रात उतरत नाही. म्हणून थरांच्या मधल्या पट्ट्यातच थर्मोप्लास्टिकचे कण पेरण्याची युक्ती अधिक फलदायी ठरली. बोइंग 787 विमानासाठी टोरे कंपनीने पुरवलेला पदार्थ याच प्रकारचा आहे. थर आरपार शिवूनही ते सुटणे रोखता येते. मात्र टाक्यांपाशी तंतू वाकतात आणि प्रतलातील बळ घटते. तिसरा मार्ग विणीचा: लीप या विमान इंजिनाच्या पंख्याची पाती त्रिमितीय विणीची असून त्यांची पुढची कड टायटॅनियमने मढवलेली असते.