पळून जाणं हीसुद्धा चालच

हेडफोन लावलेत ना? आज माझ्या एका मेलेल्या योद्ध्याची गोष्ट.

होस्टेलच्या खोलीत आम्ही पहिल्यांदा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळलो, तेव्हा मी तलवार उपसून एकटाच पुढे धावलो. दोन फेऱ्यांत खलास! नंतरचे दोन तास मी सगळ्यांना चहा करून देत होतो. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न: या खेळात लढायची अक्कल आली कुठून?

१९७१, अमेरिका. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम छापून आले. टेबलावर फौजा मांडायच्या, एक बाहुली म्हणजे वीस सैनिक. सोबत जादूची पुरवणी. त्यातल्या जादूगाराच्या आगगोळ्याचा मारा मोठ्या दगडफेक यंत्राइतका धरायचे. म्हणजे जादूगार हा मुळात तोफखानाच!

तिकडे मिनेसोटात डेव्ह आर्नेसननं प्रत्येकाला एकच पात्र दिलं आणि ‘ब्लॅकमूर’ किल्ल्याच्या तळघरात उतरवलं. इथे सगळं बदललं. फौजेतली एक बाहुली पडली तर कुणाला रडू येतं? पण आपण नाव दिलेलं पात्र एका फटक्यात गेलं की जीव तुटतो. म्हणून आर्नेसननं आपल्या युद्धनौकांच्या खेळातली युक्ती उचलली. जहाज बरेच तडाखे खाऊन बुडतं ना, तसेच माणसालाही हिट पॉइंट्स!

१९७४ साली दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. त्यात नवख्या जादूगाराचे हिट पॉइंट्स सहा बाजूंच्या एका फाशावर ठरायचे. आणि तलवारीचा घाव? तोही तशाच एका फाशावर. म्हणजे एक घाव आणि खेळ संपला! म्हणून अरुंद बोळात चिलखतवाले पुढे, जादूगार मागे.

शिवाय अनुभवाचे गुण नुसत्या मारामारीचे नव्हते, खजिना बाहेर आणला की त्याचेही मिळायचे. मग उगाच कशाला लढा? पळण्याचेही रीतसर नियम होते. मागे अन्न टाकलं तर बिनडोक राक्षस ९० टक्के वेळा थांबणार, हुशार राक्षस फक्त १० टक्के. हुशारांसाठी सोनं टाकायचं!

हे वाचलं आणि माझा योद्धा आठवला. त्याच्या पिशवीत सात दिवसांची शिदोरी होती. मी तिला हातही लावला नव्हता.

पुढच्या खेळात मी भाकरी फेकली आणि पळालो. त्या दिवशी चहा दुसऱ्यानं केला.